साखर आतल्या खोलीत

आमच्या आत्याच्या घरी एक कप चहा व्हायला अर्धा तास लागायचा. तिचा हात मंद होता असं समजू नका. कामाचा तिला भारी उरक होता. घोळ होता तो मांडणीचा. पत्ती स्वयंपाकघरात, कप बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात, गाळणं मागच्या बाल्कनीत खिळ्याला, आणि साखर पार आतल्या झोपायच्या खोलीत, कपड्यांच्या कपाटाशेजारच्या फळीवर. नव्या माणसाला वाटायचं, बाई नुकत्याच राहायला आल्यात, सामान अजून लावायचंय. त्या घरात तिला तीस वर्षं झाली होती.

बरं, साखरेचा डबा एकदाच उचलून आणावा की नाही? छे, नाव काढू नका. डबा जागचा हलवायचा नाही, हा घरचा कायदा. चमचा घेऊन आत जायचं, एका कपाची साखर घेऊन यायचं, कपात घालायची आणि पुन्हा आत जायचं. पाहुणे चार असले तर खेपा चार. निघताना ती दारातून वळून म्हणायची, “लाइन सोडू नका हं!” आणि सपाता वाजवत गेलीच. पाहुण्यांना आधी गंमत वाटायची, मग अवघडल्यासारखं व्हायचं, आणि तिसऱ्या भेटीला बहुतेक जण स्वतःहून सांगायचे, “मला बिनसाखरेचा.”

माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. घरी ते चहात दोन चमचे साखर घालून घ्यायचे, वर आईची नजर चुकवून अर्धा. आत्याकडे मात्र मुकाट्याने एक. बहिणीला दुसरी खेप पडायला नको, एवढंच कारण. तोंड वाकडं करून तो चहा पिताना मी त्यांना कितीतरी वर्षं पाहिलं आहे.

आम्ही मुलं तिला लांबआत्या म्हणायचो. तिच्याकडे सगळंच लांब म्हणून. तिची उंची जेमतेम पाच फूट. लांबआत्या येणार म्हणून दारात उभे राहिलेले माझे मित्र तिच्या डोक्यावरून मागे बघत राहायचे.

सुट्टीत आम्ही तिच्याकडे राहायला जायचो, आणि घरी जे काम सांगितलं की आमच्या अंगावर काटा यायचा तेच तिच्याकडे पळत करायचो. कात्री बाल्कनीत. दिनदर्शिका बाहेरच्या दाराला आतून. कचऱ्याचा डबा एकच, तोही बाल्कनीच्या टोकाला; पेन्सिलीला टोक केलं तरी तिथवर जायचं. टेलिफोन बोळात, भिंतीवर, आणि जवळ बसायला स्टूल नाही. फोनवर उभं राहून बोलायचं, नाहीतर बोलू नका. टीव्हीला रिमोट होता, पण तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिने ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता. दूध वर येईपर्यंत ती शेगडीसमोर एका पायावर उभी राहायची, आणि आम्ही मुलं मागे रांगेने एका पायावर. जो पहिला पडेल त्याने गाळणं आणायचं. ओट्यापासून साखरेपर्यंत तिची पावलं एकोणीस आणि माझी सव्वीस. ती मी इतक्यांदा मोजली होती की शाळेत पाढे म्हणताना एकोणीस आलं की मला साखर आठवायची.

हे वेड आलं कुठून, ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

आत्या एका मोठ्या कंपनीत टेलिफोन बोर्डावर होती. चौथ्या मजल्यावर एक लांबोडकी खोली, त्यात आठ जणी ओळीने बसलेल्या. कानाला हेडफोन, समोर दिव्यांच्या रांगा. दिवा लागला की दोरीची पिन घालायची, “एक मिनिट हं, जोडून देते” म्हणायचं, दुसरी पिन दुसरीकडे घालायची. सगळं हाताच्या अंतरावर. उठायची गरज नाही आणि परवानगीही नाही. पाणी प्यायचं असेल तर हात वर करायचा. मागे बसलेल्या सुपरवायझर बाईंनी मान हलवली तर उठायचं. “शाळेतल्या पोरीसारखा हात वर करत होते मी पन्नाशीपर्यंत,” असं ती हसून सांगायची. पण सांगताना ती कधी बसलेली नसायची, हे आज माझ्या लक्षात येतं.

तिच्या डाव्या हाताला जी बाई बसायची तिला सगळ्या जणी वहिनी म्हणायच्या. वहिनी निवृत्त झाल्या आणि आठ-दहा महिन्यांनी मैत्रिणींना भेटायला ऑफिसात आल्या. जाताना आत्या त्यांना बसपर्यंत सोडायला गेली. बस आली, आणि वहिनींचा पाय पायरीवर चढेना. दुखत नव्हता, मोडला नव्हता, नुसता चढेना. शेवटी कंडक्टरने वरून ओढलं आणि आत्याने खालून ढकललं. बस निघाली तेव्हा वहिनी खिडकीतून हसत होत्या. आत्या सांगायची, “ते हसू मला बघवेना रे.” त्या संध्याकाळी ती दोन स्टॉप आधी उतरून चालत घरी आली, ओट्यावरचा साखरेचा डबा उचलला आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी गाळणं गेलं. पंधरा दिवसांत घर असं झालं.

व्यायामशाळेत ती कधी गेली नाही. मैत्रिणी सकाळी फिरायला बोलवायच्या तर म्हणायची, “मला कुठे वेळ आहे? मला चहा करायचाय.”

आता माझं ऐका. मी मोठा होऊन काय झालो, तर स्वयंपाकघरं करून देणारा. ओटा, ट्रॉल्या, वरची कपाटं, भिंतीतून बाहेर येणारी टेबलं. आत्या मला सुतार म्हणायची, आणि आहेच मी सुतार, फक्त माझ्याकडे छापील कार्ड आहे. आमच्या धंद्याचं सगळं शहाणपण एका वाक्यात मावतं: बाईला उभ्या जागी सगळं मिळालं पाहिजे. मी गिऱ्हाइकांना तेच सांगायचो, तेही असं पटवून की मलाही पटलेलं होतं. स्वतः मी गाडीतून कामावर, गाडीतून घरी, आणि आठवड्यातून तीनदा गाडीतून जिमला जायचो. तिथे दाराजवळच जागा मिळावी म्हणून दोन चकरा मारायचो. दोन्ही चकरा गाडीतून, हे सांगायला नकोच.

आत्या सत्तरीला आली तेव्हा न्हाणीघरात घसरली आणि तिचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. बाबांनी तिला आमच्या घरी आणलं. आणि मला वाटलं, हीच संधी! ती इकडे आहे तोवर तिचं घर सुधारून टाकू. सहा आठवडे मी कामगारांना हात लावू दिला नाही. प्रत्येक ट्रॉली स्वतः कापली, स्वतः बसवली. तिची उंची मोजून ओटा खाली घेतला. ओट्यापुढे चाकांची खुर्ची. खुर्चीत बसल्या बसल्या उजव्या हाताला पत्ती, डाव्या हाताला कप, समोर गाळणं, आणि बरोबर पोटापाशी साखरेचा ड्रॉवर. सॉफ्ट क्लोज. बोटाने ढकलला की अलगद बंद होतो, आवाज म्हणून नाही. कचऱ्याचा डबा ओट्याखाली. टीव्हीचा रिमोट शोधून, पुसून, खुर्चीच्या हाताला अडकवला. मोबाइल तिच्या गळ्यात. माझ्या हातून झालेलं सगळ्यात देखणं काम होतं ते.

आत्या परत आली. दारातच थांबली. मग खुर्चीत बसली, साखरेचा ड्रॉवर उघडला, ढकलला आणि तो आपोआप मिटताना बघत राहिली. “छान केलंस रे सुतारा,” ती म्हणाली. त्या दिवशी तिने पाच मिनिटांत चहा दिला. बाबांनी दोन चमचे साखर मागून घेतली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मी हवेत.

दोन वर्षं गेली. आत्या थोडी जाड झाली, थोडी गप्प झाली. वय झालं, आम्ही म्हणालो. फोन एका रिंगमध्ये उचलायची, याचं मला कौतुकच वाटायचं. आणि एक दिवस ती भाजी आणायला खाली गेली आणि परत येताना पहिल्या मजल्याच्या वळणावर बसली. पुढचा जिना चढवेना. पाय दुखत नव्हता, मोडला नव्हता, नुसता चढेना. शेजारच्यांनी बाबांना कळवलं.

बाबांनी निकाल देऊन टाकला. “आता पुरे झालं. दुसरा मजला, लिफ्ट नाही, एकटी बाई. ताई आपल्याकडे राहील. त्या घराला कुलूप.” त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. घाबरलेला माणूस प्रेमाने बोलला की त्याला उत्तर नसतं. आत्याही त्यांच्यासमोर काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला फिजिओथेरपीला घेऊन निघालो, तेव्हा गाडीत म्हणाली, “तुझ्या बाबाच्या घरी मला पाणीसुद्धा हातात आणून देतील रे.” आणि खिडकीकडे तोंड करून बसली. तिला रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. तेव्हाही नीट पाहिलं नाही. गाडी चालवतोय असं दाखवत राहिलो.

फिजिओच्या बाई वयाने लहान होत्या, पण भलत्याच करड्या. त्यांनी आत्याला सरळ पाठीच्या खुर्चीत बसवलं. “आजी, हात छातीशी घ्या. हातांचा आधार न घेता उठायचं, समोरच्या भिंतीला हात लावायचा आणि परत यायचं.” आत्या पुढे झुकली, मागे पडली. पुन्हा झुकली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा मला राहवेना, मी पुढे होऊन तिचा दंड धरला.

“तुम्ही बसा,” बाई म्हणाल्या.

मग वहीत काहीतरी लिहीत त्यांनी मला विचारलं, “घरात दिवसभरात किती चालतात या?”

“चालावंच लागत नाही त्यांना,” मी म्हणालो. काय सांगू, अभिमानाने म्हणालो! “मी स्वयंपाकघरंच करतो. सगळं हाताशी करून दिलंय.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “मग त्यांनी उठायचं कशासाठी?”

मी आत्याकडे बघितलं. ती तिच्या सपातांकडे बघत होती, जणू चूक तिचीच होती.

बाईंनी रोज करायचे व्यायाम सांगितले आणि दोन महिने दिले. बाबांनीही कुरकुरत मान्य केलं. “दोन महिन्यांनी मी येईन. तेव्हा माझ्या डोळ्यांना पटलं नाही, तर मग माझं ऐकायचं.”

पुढच्या रविवारी मी ड्रिल मशीन घेऊन आत्याकडे गेलो. माझं काम मीच उचकटायला बसलो. आत्या समोर खुर्चीत. स्क्रू काढता काढता मी विचारलं, “आत्या, तू तेव्हाच का बोलली नाहीस?”

“सहा आठवडे खपला होतास. दारात तुझा चेहरा बघितला, म्हटलं, जाऊ दे.” तिने निघालेला स्क्रू माझ्या हातातून घेतला. “आणि खरं सांगू? पहिले आठ दिवस मला मजा वाटली. मग सवय लागली. मग एकदा सकाळी कळलं, मी पुन्हा बोर्डावर बसलेय. हात वर करून विचारायलासुद्धा मागे कोणी नाही.”

मी मान वर केली नाही. स्क्रू जरा घट्ट बसला होता, असं समजा.

गाळणं बाल्कनीत गेलं. कप काचेच्या कपाटात गेले. रिमोट पिशवीत, पिशवी ट्रंकेत. चाकांची खुर्ची मी खाली गाडीत ठेवून आलो. मोबाइल मात्र गळ्यातच राहू दे म्हटलं, पडलीस-बिडलीस तर हाक मारायला. पण मी फोन करीन तो भिंतीवरच्या फोनवर. साखरेचा ड्रॉवर काढायला लागलो तेव्हा आत्या म्हणाली, “तो राहू दे. तो मला आवडतो.” मग आतल्या खोलीकडे बोट दाखवून म्हणाली, “तिकडे बसव.” कपड्यांच्या कपाटाशेजारी, जुन्या फळीच्या जागी, मी तो बसवला. स्वयंपाकघरात माझ्या देखण्या ओट्याला मधोमध एक भोक पडलं. ते शेवटपर्यंत तसंच होतं.

रोज सकाळ-संध्याकाळ मी फोन करायचो आणि रिंगा मोजायचो. पहिल्या दिवशी सतरा. मला वाटलं, पडली. मग धापा टाकत आवाज आला, “बोला, कोण हवंय?” खुर्चीतून दहा वेळा उठायचं होतं, ती चार वेळा उठून मला दहा सांगायची, आणि मग वाईट वाटून उरलेल्या सहा वेळा फोनवर बोलताना उठायची, म्हणजे खुर्ची तिने बोळात ओढून नेली होती. मी रागावलो. दुसऱ्या दिवशी खुर्ची गेली. तिसऱ्या आठवड्यात रिंगा चौदा. पाचव्यात पुन्हा सोळा, तेव्हा माझा धीर सुटला होता. सातव्या आठवड्यात अकरा.

दोन महिने भरले त्या रविवारी बाबा आले ते हातात एक मोठी बॅग घेऊन. रिकामी. आत्याचे कपडे भरायला. त्यांनी ती दाराशी ठेवली आणि खुर्चीत बसले. आत्याने बॅग पाहिली. मीही पाहिली.

“चहा टाकते,” आत्या म्हणाली. “कोणी उठायचं नाही.”

तिने हात मांडीवर ठेवले, खुर्चीच्या हातांवर नाही. एकदा झुकली, उठवेना. पुन्हा झुकली आणि उभी राहिली. बाबा अर्धे उठले होते. मी त्यांची बाही धरून खाली बसवलं. ती काचेच्या कपाटाशी आली, एक कप घेऊन गेली. दुसरा. तिसरा. बाल्कनीतून गाळणं आलं. पाणी उकळल्याचा आवाज आणि पत्तीचा वास आला. मग ती दारात उभी राहून म्हणाली, “लाइन सोडू नका हं.”

सपाता वाजत आत गेल्या. मी पावलं मोजत होतो. एकोणीस झाली, वीस, पंचवीस, एकोणतीस. मग काहीच नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कान टवकारले. ड्रॉवर उघडला का, मिटला का, काही कळेना. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या सॉफ्ट क्लोजचा राग आला. आणि मग सपाता पुन्हा वाजायला लागल्या.

चमच्यातली निम्मी साखर बोळात सांडली होती. उरलेली तिने माझ्या कपात घातली. “सुताराचा झाला.” वळली आणि पुन्हा गेली. दुसरी खेप तिच्या स्वतःच्या कपासाठी. तिला बोळात एकदा थांबताना मी ऐकलं. परत आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता.

“ताई, राहू दे,” बाबा म्हणाले. “मला बिनसाखरेचा चालेल.”

“मला नाही चालणार,” आत्या म्हणाली आणि तिसऱ्यांदा आत गेली. या वेळी एक हात भिंतीवर होता. मला उठावंसं वाटत होतं. धावत जाऊन तो अख्खा ड्रॉवर उचकटून तिच्या हातात आणून द्यावा असं वाटत होतं. ‘तुम्ही बसा,’ असं त्या करड्या बाई म्हणाल्या होत्या. मी बसलो. नुसतं बसून राहणं मला इतकं जड कधी गेलं नाही.

ती आली. बाबांच्या कपात साखर घातली, ढवळली, आणि टेबलाला धरून उभी राहिली. छाती भात्यासारखी हलत होती. बाबांनी एक घोट घेतला. दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे पाहिलं. आत्याकडे पाहिलं. मग त्यांनी कप टेबलावर तिच्या बाजूला सरकवला.

“ताई,” ते म्हणाले, “मला दोन चमचे लागतात.”

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. “माहीत आहे मला. लहानपणापासून दोन लागतात. मग इथे इतकी वर्षं एकच का घेत होतास?”

“तू दमशील म्हणून.”

“मी दमले म्हणाले का कधी?”

बाबांनी मान हलवली. आत्याने चमचा उचलला. “लाइन सोडू नकोस,” असं धाकट्या भावाला बजावून ती पुन्हा आत निघाली, आणि बाबा खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून जागच्या जागी बसून राहिले.

ती परतेपर्यंत चहा गार झाला होता. तो त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, आणि जाताना रिकामी बॅग रिकामीच घेऊन गेले.